घर दाखवण्याचे रविवार

आई गेली त्या दिवशी मी दूध तापवलं, दादाला फोन लावला आणि स्मशानातून परतल्यावर टाकीत पाणी चढवलं. त्यानंतर महिनाभर मी त्या घरात राहिले. मग नेरुळला खोली भाड्याने घेतली आणि जुईनगरच्या घराला कुलूप लावलं.

दादा परदेशात असतो. घर दोघांच्या नावावर. "तू एकटी काय करणार तिथं," तो फोनवर म्हणाला. "खाऱ्या हवेत बंद घर सडतं. विकून टाकू." मी बरं म्हटलं. मनात एक अट होती, ती त्याला सांगितली नाही, कारण सांगताना ती मलाच पोरकट वाटली असती. घर घेणाऱ्याने त्यात राहावं, एवढीच ती अट. विमानतळाची बोलणी सुरू झाल्यापासून आमच्या रांगेतली घरं एकेक करून विकली गेली होती आणि त्यातली बरीचशी बंद होती. भाव चढेपर्यंत नुसती धरून ठेवलेली. दारात वाळलेली पानं, ग्रिलवर धूळ, आत दिवा नाही. आपलं घर त्या ओळीत जाऊन बसू नये, असं मला वाटत होतं.

त्यामुळे माझे रविवार घर दाखवण्यात जाऊ लागले. मी तासभर आधी जाऊन खिडक्या उघडायची. बंद घराला वास येतो, पण प्रत्येक घराचा वेगळा. आमच्या घराला हिंगाच्या रिकाम्या डबीचा, ओल्या चुन्याचा आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. खिडक्या उघडल्या की तो हळूहळू बाहेर जायचा, आणि तो जाताना मला दर वेळी वाटायचं, आता पुढच्या रविवारी हा थोडा कमी असेल.

एजंट सुर्वे. चाळिशीचा, घाईतला, दोन फोनवाला माणूस. दुसऱ्या रविवारी त्याने मला बाजूला घेतलं.

"मॅडम, एक रिक्वेस्ट आहे. पार्टी आली की तुम्ही बोलू नका. मागच्या वेळी तुम्ही त्यांना ओल दाखवलीत."

"त्यांनी विचारलं म्हणून."

"त्यांनी ही भिंत कुठल्या बाजूला येते एवढंच विचारलं. ओल नाही विचारली."

त्याचं खरं होतं. येणारा प्रत्येक जण घरातला एखादा दोष शोधून काढायचा, कारण दोष सापडला की आकडा खाली आणता येतो, आणि मी लगेच मान हलवायची. हो, आहे. विकणाऱ्याने असं वागू नये हे मला कळत होतं. पण ते ज्याला दोष म्हणत होते, त्याच्याकडे बोट दाखवलं की मी तिथे जायची आणि परत यायला मला वेळ लागायचा.

एक तरुण जोडपं आलं होतं. हातात भिंतीवर लाल ठिपका पाडून अंतर मोजणारं यंत्र. मुलगी उत्तरेच्या भिंतीशी थांबली, बोट फिरवलं, बोटाला पांढरी पूड लागली. "सीपेज आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

तो लोणा होता. ही सगळी जमीन पूर्वी खाडीची आणि मिठागरांची. विटा कितीही चांगल्या घेतल्या तरी जमिनीतलं मीठ भिंतीत चढतंच. लहानपणी मी ती पूड जिभेला लावून बघायची. खारट, थंड, थोडी चुन्याची. दर वर्षी नवरात्र संपलं की बाबा कंपनीतून आणलेल्या पत्र्याच्या पट्टीने ती भिंत खरवडायचे. खर्र खर्र आवाज, खाली पसरलेले जुने पेपर, नाकाला बांधलेला रुमाल. मग चुन्यात नीळ कालवायची. दादाला आणि मला कुंचला मिळायचा तो फक्त खालच्या भागासाठी. दिवाळीत ती भिंत निळसर पांढरी दिसायची आणि होळीपर्यंत पुन्हा फुलायची. बाबा गेल्यावर आईने ती खरवडणं सोडून दिलं. "चढू दे," म्हणायची. "त्याचं तरी कुठे दुसरं घर आहे?"

त्याच मुलीने मोरीच्या जाळीवर ठेवलेला गोटा पायाने सरकवला. "हा कशाला?"

"चिंबोऱ्या यायच्या," मी म्हणाले. सुर्वेने डोळे मिटून घेतले.

यायच्याच. आम्ही राहायला आलो तेव्हा रांगेच्या पलीकडे काही नव्हतं. मोकळे भूखंड, त्यानंतर चिखल, त्यानंतर खारफुटी. श्रावणात नालीतून वाट काढत रुपयाएवढ्या चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, मोरीत चढायच्या आणि आंघोळीला गेलेला दादा ओरडत, अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर यायचा. सांजेला खारफुटीतून कोल्हे ओरडायचे. एक सुरू करायचा, दुसरा त्याला उत्तर द्यायचा, आणि आई देवापुढची वात सारखी करत म्हणायची, "आले बाई पाढे म्हणायला." थंडीत खाडीच्या पाण्यावर गुलाबी रेघ दिसायची. तिला रोहित पक्षी म्हणतात हे मला शाळेच्या पुस्तकातून कळलं, तोवर आमच्या घरात ते नुसते 'आलेले' होते. "आलेले दिसतायत," बाबा सायकल लावता लावता सांगायचे, पाहुण्यांबद्दल सांगावं तसं.

पश्चिमेची खिडकी उघडली की पुष्कळ जण नाक मुरडायचे. ओहोटीला खाडीचा वास येतो. मी मान हलवायची. त्यांना काय सांगणार, की तेव्हा याहून वाईट वास होता, कारखान्यांच्या पट्ट्यातून संध्याकाळी यायचा, सडक्या बदामासारखा, आणि सगळ्या रांगेत एकाच वेळी खिडक्या लावल्याचे आवाज व्हायचे. ठक, ठक, ठक, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. आमची खिडकी लागली की शेजारची लागायची. आता तो वास येत नाही. खिडक्याही लागत नाहीत, कारण उघडलेल्या फारशा नसतात.

आणि स्वयंपाकघरातला ओटा. तो तर कोणाच्याच नजरेतून सुटायचा नाही. "हा इतका खाली का?" तोडावा लागेल, नवा करावा लागेल, गॅसची पाइप हलवावी लागेल, म्हणजे एवढे कमी करा. आई ठेंगणी होती. आधी आम्ही शेगडी जमिनीवर ठेवून राहत होतो. ओटा घालायला गवंडी आला तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, कोपर वाकवलं आणि म्हणाली, "इथं." गवंडी म्हणाला, वहिनी, सगळ्यांकडे यापेक्षा एक वीट वर घेतात. आई म्हणाली, "सगळ्यांकडे मी नाही जात भाकरी थापायला." आठवीत मी तिच्यापेक्षा उंच झाले आणि तेव्हापासून त्या ओट्याशी वाकून उभी राहिले. माझी पाठ अजून दुखते.

मग एक गृहस्थ आले. बूट न काढता दारात उभे राहिले. ओल पाहिली नाही, ओटा पाहिला नाही, खिडकी उघडायला सांगितली नाही. सुर्वेकडून क्षेत्रफळ ऐकलं आणि कोणी म्हटला नव्हता एवढा आकडा सांगितला.

"किती जण आहात घरात?" मी विचारलं.

ते हसले. "मी नाही हो राहणार. ठेवून देणार. पाच-सात वर्षांत बघा तुम्ही इथं काय होतंय."

मी कळवते म्हणाले. ते गेल्यावर सुर्वे ओट्याला टेकून उभा राहिला. "मॅडम, हात जोडतो. असा कस्टमर परत येत नाही. घेतल्यावर तो राहील नाहीतर कबुतरं पाळेल, तुम्हाला काय टेन्शन?"

"अजून एक-दोन बघू या."

"तुम्हाला विकायचंय ना नक्की?"

मी हो म्हणाले. त्याचा विश्वास बसला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी ती मंडळी आली. नरेश नावाचा बंदरात नोकरी करणारा मुलगा, त्याची बायको दीपाली, दोन पोरं, नरेशचा कॉलेजात जाणारा भाऊ आणि त्यांची आई जनाबाय. सध्या उलव्याला भाड्याने राहत होते. सहा माणसं घरात शिरली आणि घर एकदम लहान झालं. पोरं मागच्या दाराने बाहेर, पुढच्या दाराने आत असं पळू लागली. दीपालीने न विचारता नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला. जनाबाय उंबऱ्याशी, पाय बाहेर सोडून बसली, गुडघे चोळले आणि म्हणाली, "बाय, पानी किती वाजता येतं?"

आई गेल्यानंतर त्या घरात मला इतक्या साध्या आवाजात कोणी काही विचारलं नव्हतं.

नरेशने चाचरत एक आकडा सांगितला. त्या गृहस्थांच्या आकड्यापेक्षा तो कमी होता, पण वाजवी होता. सुर्वे तोंड उघडणार, एवढ्यात मी म्हणाले, "चालेल."

नरेशने आईकडे पाहिलं. जनाबायने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग भिंतीला हात लावून उठली.

"चल रे नरेश."

"अहो, त्या हो म्हणाल्या ना," सुर्वे म्हणाला.

"म्हनूनच चल म्हनते." ती माझ्याकडे वळली. "राग नको धरू, बाय. एका बोलान घर देतेस. काय झालंय या घरान?"

"काही नाही. आई गेली माझी इथं. आजारपणात."

"मानूस घरानच जातो. त्याचं काय नाय." तिने चप्पल पायात सरकवली. "पन इचार करते मी, आनि सांगते."

दीपालीने पोरांना हाका मारल्या. ती सगळी कोपऱ्यापर्यंत चालत गेलेली मला दिसत होती. सुर्वे म्हणाला, "बघा. वरचा सोडला, खालचा पळाला." आणि फोन काढून निघून गेला.

मी दार लावलं नाही. जनाबाय बसली होती त्या जागी जाऊन बसले. आणि मला हिराबाय आठवली. हिराबाय शिरवण्याहून मासळीची पाटी घेऊन यायची. सकाळी बाबांची कंपनीची बस गेली की तिची हाक. आई साताऱ्याकडची, माहेरी मासळी माहीत नसलेली, पण वर्षभरात निवट्या कशा साफ करायच्या इथपासून बोंबील कधी घ्यायचे नाहीत इथपर्यंत सगळं शिकली, आणि सगळं शिकली ती भांडता भांडता.

"याचे डोळे बघ," आई म्हणायची. "माझ्या सासऱ्यांचे शेवटी असे झाले होते."

"तुज्या नवऱ्याचा पगार झाला, मना ठावं हाय."

"झाला. म्हणून तुझ्या पाटीत ओतू?"

मग हिराबाय पाटी डोक्यावर चढवून निघायची. आई शेगडीकडे वळायची, पाहायचीसुद्धा नाही. मी दारात उभी, मनात एकच, आज खरंच गेली. दोन दारं ओलांडून हिराबाय परत यायची. पाटी उतरवताना गुडघ्यांचा आवाज, ओल्या फडक्याचा वास, बर्फाचं पाणी पायरीवरून वाहत तुळशीच्या बुडाशी जायचं. त्या भांडणातच सगळ्या बातम्या असायच्या. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या होडीला काय लागलं, आईचं डोकं अजून दुखतं का. भाव ठरेपर्यंत दोघींचा अर्धा दिवस सांगून झालेला असायचा.

एकदा आईला ताप होता. तिने मला पैसे देऊन दारात पाठवलं. हिराबायने भाव सांगितला, मी मोजून दिला. ती पैशांकडे पाहत राहिली. मग पाटी तशीच पायरीवर ठेवून, हात पदराला पुसत, कधी न आलेली ती आत आली, थेट आईच्या अंथरुणापाशी. "मना वाटलंच," ती म्हणाली. "भांडन नाय झालं, म्हंजे घरान कायतरी झालं."

ती त्या दिवशी शेगडीवर भात टाकून गेली.

मी सुर्वेकडून जनाबायच्या घरचा नंबर घेतला. फोन नरेशने उचलला. मी म्हणाले, "तुमच्या आईंना सांगा, त्या भावात घर द्यायचं नाहीये मला." फोनमागे काही बोलणं झालं. मग जनाबायचाच आवाज आला. "येते रवारी."

रविवारी ती आणि दीपाली आल्या. या वेळी मी चहा केला. जनाबाय पुन्हा उंबऱ्याशी बसली, बशीत चहा ओतला आणि सुरुवात केली.

"भिंतीला लोना हाय."

"या रांगेत कुठल्या भिंतीला नाही? खाडीवर घर घ्यायचं आणि मीठ नको म्हणायचं?"

तिची भुवई वर गेली. "खिरकीतून वास येतो."

"ओहोटीला येतो. भरतीला वारा येतो. चार वाजता ही खिडकी उघडून बसा, मे महिन्यातसुद्धा पंखा लागणार नाही. माझी आई इथंच बसून तांदूळ निवडायची."

"वटा खाली हाय."

"तुमच्या उंचीला बरोबर आहे."

दीपाली पदर तोंडाला लावून हसली. "मना बुटकी म्हनते ही," जनाबाय तिला म्हणाली, आणि स्वतःही हसली. "हां. आता बोललीस. सांग, अजून काय हाय तुज्या घरान?"

मी सांगू लागले. सकाळचं ऊन आधी कुठल्या फरशीवर येतं. मागच्या दारी अळू आपोआप उगवतं, खाजरं नाही. पोटमाळ्यावर वर्षाचं धान्य राहतं, उंदीर लागत नाही. बाळंतिणीला कुठली खोली उबदार, तापातल्या माणसाची खाट कुठे लावायची म्हणजे त्याला दारातली माणसं दिसतात. मी कितीतरी महिने इतकं बोलले नव्हते. जनाबायने कप पुढे केला, "घे, निवला तुजा," आणि मी घोट घेईपर्यंत ती बाहेर रस्त्याकडे बघत राहिली. मग आकडा वाढला, पुन्हा उतरला, ती एकदा उठून कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. तिचे गुडघे दुखत होते, तरी गेली. शेवटी आम्ही जिथे थांबलो, तो आकडा नरेशच्या आकड्यापासून फार लांब नव्हता.

"असंच होतं," जनाबाय म्हणाली. "तरी करावं लागतं." जरा वेळाने तिने पदराला हात पुसले. "आमचा गाव उठला विमानतलासाठी, तवा माज्या घराचा भाव कागदावर ठरून आला व्हता. मी कुनाशी बोलनार? माजी इतकी वर्सं घासलेली पडवी व्हती. कुनी इचारलं नाय, आत काय हाय."

दीपाली उठून कप विसळायला गेली. ओट्याशी ती वाकली, आणि जनाबायने ते पाहिलं, पण भाव ठरलेला होता, म्हणून काही म्हणाली नाही.

"आता वर काय देतेस?"

मला पटकन कळलं नाही.

"मासलीचा वाटा घेतला की वर एक मासली टाकते कोलीन. तू काय टाकतेस?"

मागच्या दारी आईचा पाटा होता. काळ्या दगडाचा, दोन माणसांना न हलणारा. नेरुळच्या तिसऱ्या मजल्यावर तो मी कसा नेणार होते, आणि तिथे एकटीसाठी काय वाटणार होते? मी तिला तो दाखवला. तिने तळवा फिरवला. "गुलगुलीत झालाय. टाकी लावून खरखरीत करून घेईन." म्हणजे तो घेतला.

त्यानंतरचं सगळं कचेरीतलं होतं. फोटो, अंगठा, सह्या. सुर्वेने पेढे वाटले. दादाने फोनवर विचारलं, त्या दुसऱ्या माणसाला का नाही दिलं, जास्त देत होता ना? मी म्हणाले, जमलं नाही. तो म्हणाला, "बरं. चिंबोऱ्यांचं सांगितलंस का त्यांना?" आणि आम्ही दोघंही हसलो, पण नंतर त्याने नाक ओढल्याचं मला ऐकू आलं.

विजेच्या बिलाचा मेसेज एकदा माझ्याच फोनवर आला, तेव्हा नाव बदलण्याचे कागद द्यायला मी तिथे गेले होते. संध्याकाळ होती. दोन्ही बाजूंची घरं बंद, मधल्या घरात दिवा. दाराशी चपलांचा ढीग. आत कोणीतरी कोणाला तरी ओरडत होतं, पोरगं रडत होतं, वाटणाचा आवाज येत होता. दीपाली म्हणाली, "आत या ना, ताई." मी उशीर झाल्याचं सांगितलं. जनाबायने आतूनच विचारलं, "कोन हाय गं?" मी दारातून कागद दिले आणि निघाले.

नेरुळच्या खोलीत भिंती कोरड्या आहेत. ओटा माझ्या उंचीचा आहे. खालच्या दुकानात सगळ्या वस्तूंवर किंमत छापलेली असते, ती मी देते आणि वर येते. कोणी काही विचारत नाही.

त्या घरात आता सहा माणसं राहतात. मी इथे राहते, आणि माझ्याशी भांडणारं कोणी नाही.